जामीनदाराचा रकाना

तेव्हा युरो चालणाऱ्या 19 देशांतल्या कर्जांची एकेक नोंद युरोपीय मध्यवर्ती बँक सप्टेंबर 2018 पासून मागवू लागली. व्यवस्थेचं नाव ‘अ‍ॅनाक्रेडिट’. 25,000 युरो किंवा जास्त कर्ज असलेल्या कंपन्या-संस्थाच त्यात. साध्या माणसाला सूट.

आपल्याकडे साधा माणूस आधी. बड्या कर्जांची रिझर्व्ह बँकेची नोंदवही 5 कोटींपासून पुढे, तीही बँका-वित्तसंस्थांपुरती. मेढ्यासारख्या गावात कुणाचा मोबाइलचा हप्ता थकला, तर सिबिलवर चढलाच म्हणून समजा. पारावर त्याच्याही आधी! कर्ज काढलं कशाला, खर्चलं कशावर, जामीन कोण, आणि तो बिचारा हल्ली बाजारपेठ टाळून कुठल्या बोळातून घरी जातो. हा शेवटचा रकाना फ्रँकफर्टच्या त्या बँकेला अजून सुचलेला नाही.