पायी चालणाऱ्यांचं काय करायचं? (नवख्या नगरसेवकांसाठी)

सर्वप्रथम अभिनंदन. विजयाचा फ्लेक्स उतरवायची घाई करू नका. तो ज्या फूटपाथवर उभा आहे, तिथून तसंही कुणी चालत नाही.

मी ड वर्गातल्या एका महापालिकेत बत्तीस वर्षं ओव्हरसियर होतो. दर निवडणुकीनंतर नवीन माणसं येतात आणि विचारतात, पादचाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे टिपण.

आधी पादचारी ओळखायला शिका. सकाळी साडेसहाला भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाया, एमआयडीसीत पहिल्या पाळीला सायकलवरून जाणारे कामगार, दप्तरं लटकवलेली पोरं, काठी टेकत देवळात जाणारे आजोबा. यातली मोठी माणसं मत देतात, पण फोन करत नाहीत. फोन करतो तो ज्याला गाडी लावायला जागा मिळाली नाही तो. त्यामुळे काम कुणाचं होणार, हे तुम्हाला आठवड्याभरात समजेल.

आता फूटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसची १०३ क्रमांकाची पुस्तिका सांगते, मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या शेजारून जाव्यात. उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पुस्तिका कपाटात ठेवा. आपल्याकडे फूटपाथ गुडघाभर उंच करतात, कारण मग त्यावर स्कूटर चढत नाही. आजीही चढत नाही. ती रस्त्यावरून चालते आणि पेव्हर ब्लॉक वर्षानुवर्षं नवेकोरे राहतात. तरी जागा उरलीच तर क्रमाने विजेचा डीपी, कचराकुंडी आणि तुमच्या सौजन्याचा बाक बसवा. शेवटी ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव अशी लाल अक्षरं. तिथे फोटो काढायला लोक थांबतात. ज्यांना चालायचं असतं ते डांबरावर उतरतात.

झेब्रा पट्टे स्वस्त असतात, म्हणून नवख्यांना आवडतात. माझ्या हातून एक झेब्रा थेट दुभाजकातल्या कण्हेरीत गेला. एस्टिमेटात पट्ट्यांची बाब होती, दुभाजक फोडायची नव्हती. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघालं. २०१७च्या वाहन चालवण्याच्या नियमांप्रमाणे झेब्रावर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. हे गावात फार सांगत बसू नका, उगाच एखादा विश्वास ठेवील.

सिग्नल असेल तर एक हिशेब करून पाहा. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. पंधरा मीटरच्या रस्त्याला साडेबारा सेकंद लागले. आजीचा वेग ०.८ धरा, तिला एकोणीसच्या आसपास लागतात. आपल्या चौकातला हिरवा माणूस मी घड्याळ लावून पाहिला. तो आठ सेकंदांत लाल होतो, आणि बरेचदा पिवळा दिवाच लुकलुकत असतो.

यावर कुणीतरी पादचारी पूल सुचवतोच. रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते, म्हणजे पायऱ्या चाळिशीच्या घरात. पंधरा मीटर पलीकडे जायला चाळीस चढा, चाळीस उतरा. पण पुलाच्या दोन्ही अंगांना जाहिराती लावता येतात, म्हणून ठराव एकमताने मंजूर होतो.

सायकलवाल्यांचं सोपं आहे. एके काळी नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायची. दिव्याविना किंवा डबलसीट दिसलात की पोलीस शिट्टी मारायचा. तेव्हा सायकल हे वाहन होतं. कर गेला, बिल्ला गेला, मागोमाग रस्त्यातली जागाही गेली. आता चारशे मीटरचा लाल पट्टा मारून त्याला ट्रॅक म्हणायचं. तो बागेपासून निघतो आणि पाणीपुरीच्या गाड्याशी संपतो. मग रविवारी सायक्लोथॉन, सगळ्यांना टीशर्ट, आणि तुमची सायकल टेम्पोतून. पहिल्या पाळीचा कामगार टीशर्टाला मुकतो, कारण त्या वेळी तो उसाच्या ट्रॉलीला चुकवत कामावर जात असतो.

आता जरा गंभीर बोलतो, कंटाळलात तर हा परिच्छेद सोडा. २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले, म्हणजे रोज नव्वद. आपण दरवर्षी रस्ता सुरक्षेचे फलक लावतो आणि चालणाऱ्याला शिकवतो, डावीउजवीकडे पाहा. त्याने कितीही पाहिलं, तरी ताशी पन्नासच्या गाडीचा दणका तीसच्या गाडीच्या पावणेतीनपट असतो. तेव्हा आवरायची ती गाडी. गतिरोधकाचं मापही ठरलेलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, म्हणजे पंचवीसच्या वेगाने गाडी धक्का न लागता जाते. आपला गतिरोधक उरलेल्या डांबराएवढा उंच असतो, रुंदी एका पावलाची, वर पट्टाही नाही. आणि असतो कुठे? ज्याने अर्ज केला त्याच्या फाटकासमोर.

एकदा मी शाळेच्या चौकात डांबराची रिकामी पिंपं मांडून वळणाचे कोपरे आवळले होते. कोपरा आवळला की वळणाऱ्या गाडीला हळू व्हावंच लागतं, आणि पोरांना ओलांडायचा रस्ताही तेवढा अरुंद होतो. खर्च शून्य, पिंपं गोदामातली. चार दिवस पोरं हात न धरता ओलांडत होती. पाचव्या दिवशी ताफा येणार होता, पिंपं उचलली. मागणीपत्र नसल्याने ती कुणाच्या खात्यावर गेली याचा खुलासा मला नंतर तीनदा द्यावा लागला.

तुम्हाला पिंपांचा नकाशा हवा असेल तर माझ्याकडे आहे. घर त्या कण्हेरीच्या झेब्रासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. येताना सकाळी नऊच्या आत या आणि अलीकडेच थांबून फोन करा, मी नकाशा घेऊन येतो. नऊनंतर मला रस्ता ओलांडता येत नाही.