कॅमेऱ्याचे कान

घरच्या कॅमेऱ्याचा आवाज येत नाही म्हटले की पहिला संशय वायरवर आणि दुसरा तो बसवून गेलेल्या माणसावर. बहुधा दोघेही निर्दोष असतात. कित्येक स्वस्त कॅमेऱ्यांत माइकच नसतो. खोक्यावर रात्रीच्या चित्राची फुशारकी असते, कानांबद्दल अवाक्षर नाही. माइक असलाच तर सेटिंगमध्ये नुसते 'व्हिडिओ' निवडलेले, नाहीतर मोबाइलवर स्पीकरच्या चिन्हावर काट. हे सारे सुधारल्यावर ऐकू काय येते तेही पाहा. चित्र चार मेगापिक्सेलचे, आवाजाला मात्र बऱ्याच ठिकाणी अजून जी.७११, म्हणजे १९७२ साली टेलिफोनसाठी ठरलेले मानक. सेकंदाला ८००० नमुने. चोराच्या मिशा मोजून घ्याव्यात, तो काय पुटपुटला ते पंख्याच्या घरघरीला विचारावे.

पुराव्याला आवाज हवाच, असे कोणी म्हणेल. काच फुटल्याचा किंवा हाकेचा आवाज कामी येतो, हे मान्य. पण असे प्रसंग घडणार क्वचित. एरवी दारावरचा माइक भक्तिभावाने टिपतो ते समोरच्या बिऱ्हाडातले भांडण. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, पण जिन्यातल्या माइकच्या कानावर ते गेलेले दिसत नाही. आपला काय दोष, आवाज आपोआप येतो, असाही युक्तिवाद होतो. आपोआप येत असता तर तो सुरू करायला तंत्रज्ञ कशाला बोलावला असता? तोही येऊन पासवर्ड तेवढा विचारतो. माइकचे तोंड कोणाच्या दाराकडे आहे, याची चौकशी त्याच्या व्हिजिटिंग चार्जमध्ये बसत नाही.