त्वचा खात्याचे अण्णा

लिफ्टमध्ये अण्णा भेटले की चार मजल्यांत आपल्या चेहऱ्याची पाहणी होते. कपाळावरचा चष्मा नाकावर उतरतो, मान तिरकी होते आणि शेरा पडतो, "उजवा गाल कोरडा पडलाय. टेलपर्यंत पाणी पोचत नाहीये तुमच्या."

पाटबंधारे खात्यात हयात गेलेल्या माणसाकडून वेगळी भाषा कशी यावी? निवृत्तीनंतर कुणी सत्संगाला लागतं, कुणी गड चढतं. उरलेल्यांना गच्ची सापडते. अण्णांच्या गच्चीत रंगाच्या डब्यांत कोरफड, थर्माकोलच्या खोक्यांत पुदिना, फुटक्या बालदीत देशी गुलाब आणि गळक्या टाकीत आंबेहळद आहे. लोक भाजी पिकवतात, अण्णा लेप पिकवतात.

कोरफडीचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. पान बुडातून कापायचं आणि कापलेली बाजू खाली करून ग्लासात उभं ठेवायचं. पिवळा चीक ठिबकायला लागतो. तो अंगाला लागला तर खाज सुटू शकते, म्हणून तो निथळेपर्यंत अण्णा घड्याळ घेऊन खुर्चीवर बसून राहतात. मधे फोन वाजला तरी उचलत नाहीत. मग पान धुवायचं, काटेरी कडा तासायच्या आणि चमच्याने गर खरवडून बाटलीत भरायचा. बाटलीवर चिठ्ठी : कुंडी क्रमांक, तारीख, मुदत तीन दिवस, फ्रिजमध्येच ठेवणे. ही बाटली शेजाऱ्यांना फुकट मिळते. पण चौथ्या दिवशी सकाळी अण्णा दारात हजर. "मुदत संपली. परत द्या." वापरली नसेल तर लेखी खुलासा मागायलाही ते कमी करणार नाहीत.

कुठलाही लेप थेट तोंडाला लावायची परवानगी नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावायचा आणि चोवीस तास थांबायचं. हे अगदी शहाणपणाचं आहे, त्यात वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचा. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय ऐन रंगात आलेला असताना अण्णांनी खजिनदारांची बाही वर करायला लावली होती.

मोबाइलवर बघून लिंबू चोळणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी गालाला लिंबाचा रस लावून उन्हात बसली, तेव्हा अण्णा तांब्याभर पाणी घेऊनच धावले. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते आणि वर काळे डाग राहतात, हे त्यांनी तिला एवढ्या मोठ्याने समजावलं की समोरच्या इमारतीलाही समजलं.

दिवाळीआधी उटण्याचा हंगाम. हिवाळ्यापासून जमवलेल्या नागपुरी संत्र्यांच्या साली, गुलाबाच्या पाकळ्या आणि आंबेहळद ही घरची. कपूरकाचरी, नागरमोथा काष्ठौषधीच्या दुकानातून येतात; त्यांची नोंद वहीत 'बाहेरील पुरवठा' म्हणून, जरा बारीक अक्षरात. सगळं दळलं जातं माईंच्या मिक्सरमध्ये. इडलीला नागरमोथ्याचा वास आल्यावर माईंनी फ्रिजवर कागद चिकटवला : 'वरच्या कप्प्यात अतिक्रमण आढळल्यास माल जप्त करण्यात येईल.' इतकी वर्षं संसार केल्यावर खात्याची भाषा त्यांनाही आलेली आहे.

माईंचा चेहरा अजून तुकतुकीत आहे. त्याचं श्रेय अण्णा आपल्याकडे घेतात. माई काही बोलत नाहीत. साय काढून झाल्यावर बोटाला राहिलेली तेवढी गालाला पुसतात आणि पातेलं घासायला टाकतात.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाई राहायला आल्या. अण्णा उटण्याचा डबा घेऊन स्वागताला गेले. बाईंनी डबा आदराने घेतला आणि अण्णांच्याच नाकाकडे रोखून पाहिलं. "काका, गच्चीत दिवसभर उघड्या डोक्याने असता ना? टोपी घाला, आणि हे सनस्क्रीन लावा."

अण्णांनी ट्यूब उलटीसुलटी केली, मुदत वाचली, घटक वाचले. "यात झाड कोणतं?"

"एकही नाही."

बराच वेळ शांतता. मग अण्णांनी मुकाट्याने सदऱ्याची बाही कोपराच्या वर दुमडली. "लावा. उद्या या वेळेला दाखवायला येतो."