जावा, मार्गे राहुरी

आमच्या दाजींना जावा बाधलं आहे. पूर्व जावातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली, निवृत्त होऊन श्रीरामपुरात घर बांधलं, दारात चिकू लावला, आणि एक दिवस ताटातल्या दोडक्याकडे टक लावून म्हणाले, "आत्ता पासुरुआनला असतो, तर..." ते वाक्य अजून पुरं झालेलं नाही. पिठल्यासमोर 'तर', थालीपिठासमोर 'तर', सत्यनारायणाच्या प्रसादासमोरसुद्धा 'तर'.

गंमत म्हणजे नोकरीत असताना हेच दाजी सुट्टी संपवून जाताना बाजरीचं पीठ, लसणाची चटणी आणि राहात्याचा भेळभत्ता घेऊन जायचे. जावात असताना नगर, नगरात आल्यावर जावा. आमची आक्का, म्हणजे दाजींची बायको, म्हणते, "या माणसाचं पोट कायम मागच्या स्टेशनावर राहतं."

नगरी माणसाला चकित करणं सोपं नाही, हे दाजींचं खरं दुखणं. त्यांनी गाडो-गाडोचं वर्णन करावं: उकडलेल्या भाज्या, बटाटा, अंडं, तोफू आणि वर शेंगदाण्याचा दाट रस्सा. शेजारी शांतपणे म्हणतात, "म्हंजी दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीरच की." नासी गोरेंग? फोडणीचा भात. क्रुपुक? कुरडई. तांदळाच्या पिठाची हिरवी गोळी, चावली की आतला पातळ गूळ तोंडात फुटतो, बाहेरून ओल्या खोबऱ्याचा कीस, असं क्लेपॉन? "मोदक, पण आळशी माणसानं वळलेला." शेवटी निकालही लागतो: "दाजी, एवढ्या लांब जाऊन तुम्ही घरचंच जेवून आलात."

या अपमानातून दाजींचा सिद्धांत जन्मला. शेंगदाणा, मिरची, लसूण, चिंच, गूळ, सोयाबीन, तांदूळ असा सगळा कच्चा माल या जिल्ह्यातच आहे. फक्त जुळणी राहिली आहे. म्हणून नगरहून निघायचं, वाटेत माल गोळा करायचा आणि भंडारदऱ्याला मुक्काम करून अस्सल जावानी जेवण उभं करायचं. कारखान्याचा माणूस, तो स्वयंपाक करत नाही, प्लांट उभारतो. गाडीत मागे आक्का बसली. तिच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. दाजींच्या सिद्धांतावर तिचा विश्वास किती, ते त्यावरून कळत होतं.

पहिला थांबा नगरची दाळमंडई. मसाल्याच्या दुकानात दाजींनी विचारलं, "केंचुर आहे का? आल्यासारखा असतो, पण वास वेगळा." दुकानदार म्हणाला, "कचोरा आहे, कापूरकाचरी आहे. कचरा पाहिजे आसंल तर भाईर हाये." मग दाजींची नजर जायफळावर गेली आणि आमचा अर्धा तास गेला. जायफळ शेकडो वर्षं जगात फक्त इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर पिकायचं. त्यासाठी डच कंपनीने 1621 मध्ये तिथल्या माणसांची कत्तल केली. पुढे 1667 च्या तहात रुन हे त्यातलं जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं बेट डचांकडे राहिलं आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन इंग्रजांकडे. "म्हणजे तुमच्या पुरणपोळीतल्या चिमूटभर जायफळाची किंमत न्यूयॉर्कएवढी होती!" दाजी गहिवरले. दुकानदाराने तराजू पुढे ओढला. "जायफळ द्यायचं का, का नुसता इतिहासच बांधू?"

शहर सोडण्याआधी किल्ल्याला वळसा झाला. 1942 च्या ऑगस्टपासून अडीच वर्षांहून अधिक काळ पंडित नेहरू इथे कैदेत होते. इथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि त्यात आग्नेय आशियाशी असलेल्या जुन्या नात्यावरही लिहिलं. पुढे 1947 मध्ये याच नेहरूंच्या सांगण्यावरून बिजू पटनाईक डच पहारा चुकवून विमानाने जावात गेले आणि इंडोनेशियाच्या नेत्यांना घेऊन आले. नेहरू पंतप्रधान झाल्यावर 26 जानेवारी 1950 च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून आले सुकर्णो. हे सगळं मी दाजींना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "सुकर्णोंना जेवायला काय दिलं होतं?"

याच किल्ल्यात मौलाना आझादही होते. तिथून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी चमेलीच्या वासाच्या चिनी चहावर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत आणि दूध-साखर घातलेल्या आपल्या चहाची यथेच्छ हजेरी घेतली आहे. तेव्हा नगरला बसून लांबच्या चवीसाठी झुरण्याची परंपरा तशी थोर आहे. दाजींना हे फार आवडलं. मात्र किल्ल्यासमोरच्या टपरीवर त्यांनी दूध-साखरेचा चहा दोनदा घेतला.

नगर-मनमाड रस्त्याबद्दल जिल्ह्यातल्या वाचकाला काही सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटणार नाही. राहुरी येईपर्यंत गाडीतली चिंच आणि गूळ आपोआप एकजीव झाले होते. दाजी म्हणाले, "बघ, जुळणी सुरू झाली!"

राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ, आणि विद्यापीठ म्हटलं की शेतकऱ्याच्या तोंडी 'फुले संगम' आणि 'फुले किमया' ही सोयाबीनची वाणं. सोयाबीन दिसलं की दाजींना तेंपे आठवतं. सोयाबीन भिजवायचं, सालं काढायची, शिजवून कोरडं करायचं, त्यावर बुरशीचं विरजण भुरभुरायचं आणि केळीच्या पानात गुंडाळून उबेला ठेवायचं. दीड-दोन दिवसांत पांढऱ्या बुरशीने दाणे एकमेकांना धरून ठेवतात आणि वडी तयार होते. ती कापून तळली की वरून कुरकुरीत आणि आत दाणेदार. हे सारं दाजींनी रस्त्याकडेला सोयाबीन वाळवत बसलेल्या एका आजोबांना समजावलं.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी बुरशी आली की टाकायचं नाही?"

"नाही, बुरशी आली की खायचं."

"आन् नाही आली तर?"

"तर बिघडलं."

आजोबांनी दाजींच्या मागे बसलेल्या आक्काकडे सहानुभूतीने पाहिलं. पोतंभर सोयाबीनमधलं किलोभर त्यांनी फुकट दिलं. बहुतेक तब्येतीची काळजी वाटून.

यातली खरी विसंगती मला नंतर उमगली. आपल्याकडे सोयाबीन मुबलक. त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते आणि दाणा ताटात क्वचितच येतो. जावात तेंपेवाचून घास उतरत नाही आणि सोयाबीन मात्र बहुतांश अमेरिकेतून आणावं लागतं. 2021 च्या जानेवारीत भाव इतके चढले की जाकार्ताच्या तेंपेवाल्यांनी तीन दिवस काम बंद ठेवलं होतं. ज्याच्या शेतात आहे त्याच्या ताटात नाही, आणि ज्याच्या ताटात आहे त्याच्या शेतात नाही.

दुपारी कोल्हारच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. मटण थाळी येईपर्यंत दाजींनी मालकाला इंडोनेशियातल्याच पादांग शहराच्या खानावळीची रीत सांगितली. तिथे गिऱ्हाईक बसलं की वाढपी हातावर ताटल्यांची उतरंड घेऊन येतो आणि रेंदांग, मासे, अंडी, पालेभाज्या असे पंधरा-वीस पदार्थ न विचारता मांडून जातो. ज्याला हात लावला त्याचेच पैसे; बाकीचं परत.

मालक खुर्ची ओढून बसला. "रश्श्याचं काय?"

"काय म्हणजे?"

"आपलं मानूस नुसत्या रश्श्यात भाकर बुडवून उठंल, आन् म्हनंल पीसला हात लावला नाही. बिल कुनाचं?"

पादांगच्या शेकडो वर्षांच्या पाककलेपुढे हा प्रश्न कुणी टाकला नसावा. दाजी निरुत्तर झाले. आम्ही मात्र नुसता रस्सा दोनदा मागवला.

लोणीजवळ प्रवरेचं पाणी आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला, तसे दाजी खुलले. इथे बोलण्याचा अधिकार त्यांचा होता. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने इथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. पण दाजींची गोष्ट त्याआधीची. कालव्यावरच्या जुन्या पुंड्या उसाची जागा ज्या जातींनी घेतली, त्यांत 'पीओजे 2878' ही एक होती. पीओजे म्हणजे पूर्व जावाचं ऊस संशोधन केंद्र, आणि ते पासुरुआनला! आज शेतकरी ज्या 'को 86032' वर भिस्त ठेवतो, तिची वंशावळ मागे नेली की पणजी निघते हीच 2878.

"म्हणजे या सगळ्या उसाचं आजोळ माझ्या कारखान्याच्या कुंपणापलीकडे होतं!" दाजी गाडीतून उतरून उसाच्या पानावरून हात फिरवू लागले. जावाची साखर एके काळी मुंबई बंदरात बोटी भरभरून उतरायची. आता इंडोनेशियालाच साखर विकत घ्यावी लागते आणि मध्यंतरी काही हंगाम भारतातून ती मोठ्या प्रमाणात तिकडे गेली. माहेरची पणजी इकडे आली आणि नातवंडांनी साखर तिकडे पाठवली. इतक्यात उसाचा मालक आला आणि शेताच्या बांधावर डोळे पुसणारा माणूस नेमक्या कुठल्या बँकेचा, हे त्याने मला बाजूला घेऊन विचारलं.

संगमनेरला स्टँडजवळ वडे खाल्ले. दाजी पुन्हा 'तर'वर आले: रात्री गल्लीतून येणारी सातेची, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांची, हातगाडी, कोळशाचा धूर आणि "सा-तेऽऽ" अशी आरोळी. त्यांच्या बाजूने मोठा साक्षीदार आहे. ओबामांच्या लहानपणाची काही वर्षं जाकार्तात गेली; 2010 मध्ये अध्यक्ष म्हणून ते तिथे गेले, तेव्हा भर भाषणात त्यांनी सातेवाल्याची आरोळी काढून दाखवली होती. "अमेरिकेच्या अध्यक्षाला आठवण आलेली चालते, मला नाही?"

आक्का तेलकट कागदाकडे बघत म्हणाली, "अहो, हा वडा तरी कशात तळलाय? पामतेलात. आन् पामतेल येतं कुठून?"

आम्ही गप्प झालो. रेशनवर मिळायचं ते पामतेल, फरसाणातलं, बिस्किटातलं, बेकरीतलं. त्यातलं बरंच इंडोनेशियाचं. 2022 च्या एप्रिलमध्ये त्यांनी निर्यात थांबवली तर इथल्या कढया हादरल्या होत्या. म्हणजे दाजी ज्या देशासाठी झुरतात, तो रोज सकाळी वड्याबरोबर त्यांच्या पोटात जातो. वर पुरणपोळीत त्याचं जायफळ आणि चहात त्याच्या पणतीची साखर. दाजींनी उरलेला वडा उचलून उलटासुलटा पाहिला. "असेल. पण मग मला गहिवरून का येत नाही?" हा प्रश्न मात्र रास्त होता. बोटीत चढतं ते तेल. गल्लीतली आरोळी चढत नाही.

राजूरला बाजार भरला होता. आक्का पिशवी घेऊन उतरली आणि अर्ध्या तासात बारीक लाल मिरच्या, गावठी टोमॅटो, लिंबं आणि पसाभर सुकट घेऊन आली. पेढेही घेतले, कारण राजूरहून पेढे न घेता जाणं बरं दिसत नाही. "सुकट कशाला?" दाजींनी विचारलं. आक्काने उत्तर दिलं नाही.

भंडारदऱ्याला मुक्कामाच्या घरी मागच्या पडवीत पाटा-वरवंटा होता. दाजी सोयाबीन, गूळमिश्रित चिंच आणि जायफळ मांडून प्लांटचा आराखडा सांगत असताना आक्काने चूल ताब्यात घेतली. मिरच्या, लसूण, टोमॅटो भाजले, सुकट कोरडी परतली आणि पाट्यावर सगळं वाटलं; त्यात चिमूटभर गूळ, लिंबाचा रस. वाटता वाटता ती बोलत होती, जन्मात कधी नव्हे इतकी. पासुरुआनला दारावर भाजी घेऊन येणारी बाई तराजूत कशी मारायची. शेजारणीने मिरचीचं सांबाल पहिल्यांदा कसं शिकवलं आणि आंबवलेल्या कोळंबीच्या तेरासीच्या वासाने ही घर सोडून अंगणात कशी पळाली. पुढे तेरासी संपली की शेजारणीकडे वाटी घेऊन कशी जायची. दाजींना त्यांनी खाल्लेले पदार्थ आठवत होते. आक्काला ते कुणी, कशात, किती घालून केले, आणि त्या वेळी कुणाच्या सुनेचं काय चाललं होतं, तेही आठवत होतं.

अकोले तालुक्यातल्या तांदळाच्या वाफाळत्या भातावर दाजींनी ते सांबाल घेतलं. पहिला घास गेला. डोळ्यांतून पाणी आलं. किती आठवणीचं आणि किती मिरचीचं, हे कळायला मार्ग नव्हता. "हेच!" एवढंच म्हणाले. आणि इतकी वर्षं घरात असताना हे कधी केलं का नाही, असं विचारल्यावर आक्का म्हणाली, "तुम्ही 'तर'च्या पुढं कधी गेलात का?"

घरमालकाने बोटाने चाखून पाहिलं. "ताई, हा तर सुकटीचा ठेचा. पण भारी झालाय. पाहुण्यांना वाढायला घेऊ का?" दाजी तात्काळ उठून बसले. नाव 'सांबाल तेरासी' असंच लिहायचं, त्यांनी बजावलं. तेरासी नसताना तेरासी कशी लिहायची, असा तांत्रिक मुद्दा मी काढला. आक्का म्हणाली, "ठेचा लिही बाबा. नाव लांबलं की लोक भाव विचारतात."

मालकाने क्षणभर विचार केला. "आसं करतो, ताई. राजूरचं पाव्हणं आलं तर ठेचा, भाकरीबरोबर फुकट. मुंबईचं आलं तर सांबाल, वाटीचे साठ रुपये."