सामरीबापू

कोल्हापूरच्या पेठेत काही माणसं ठरलेलीच असतात. तालमीच्या कट्ट्यावर बसून कालच्या फुटबॉल मॅचचा पंच कुठं चुकला ते सांगणारा एक. रंकाळ्यावर वजन उतरवायला जाऊन भेळ खाऊन येणारा एक. प्रोजेक्टर स्वस्त झाल्यापासून यांच्यात तिसऱ्याची भर पडली आहे. हा महिन्यातनं एकदा गच्चीवर पांढरी चादर बांधतो, भुताचा पिच्चर लावतो आणि त्या भुताला शोभेल असं पेय स्वतः बनवून पेठेला पाजतो.

रेशन कार्डावर नाव काहीही असो, पेठ त्याला सामरीबापू म्हणते. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधल्या (१९८४) सैतानाचं नाव सामरी. पडद्यावर सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल ताडमाड उंच आणि शिक्षणानं रुडकीचे इंजिनिअर. आमचा सामरी उंचीला बेताचा, रुंदीला सढळ आणि दिवसभर गुळाच्या अडतीवर हिशेबपट्ट्या लिहिणारा. त्याला कोणी घाबरत नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याला बघून उठायची तसदी घेत नाहीत. म्हणूनच असेल, दुसऱ्याला घाबरवायची हौस दांडगी.

मुळात बापूंनी कार्यक्रम अमावास्येला ठेवला होता. काळोख गडद, प्रोजेक्टरला चांगला. पण त्या दिवशी गच्चीवर चिटपाखरू फिरकलं नाही. “आज अमुशा हाय, रातचं भाईर पडायचं न्हाई,” असं घरोघरच्या आयांनी बजावलेलं. बजावलेल्यांत दोन वकील आणि एक फौजदार होता. मग बापूंनी महालक्ष्मी कॅलेंडर काढलं. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, सोमवारी शंकर, मंगळवारी संकष्टी येऊ शकते. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. ते तर मटणाचे वार! जगात भुतांच्या तारखा चंद्र ठरवत असेल, कोल्हापुरात त्या खाटीक ठरवतो.

कार्यक्रमाला प्रास्ताविक असतं. बापू माईक न घेता बोलतात, कारण गरज नसते. “भयपट कुठं सुरू झाला? हालिवूडला? अजिबात न्हाई. हितं, कोल्हापुरात!” मग ते बाबूराव पेंटरांवर येतात. बाबूरावांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यानं १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका खरा उतरला की प्रेक्षकांत घबराट उडाली आणि सेन्सॉरनं ते दृश्य कापायला लावलं. “भीमानं कीचक मारला, बाबूरावांनी पब्लिक मारलं!” इथं टाळ्या पडतात. दर महिन्याला त्याच जागी पडतात. पुढं रामसे येतात. सात भावांचं ते कुटुंब, आणि १९७२ चा त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरात चित्रित झालेला. “म्हंजे भूत मुंबईचं, पण धुकं साताऱ्याचं. कच्चा माल आपलाच.” एवढं झालं की पिच्चर सुरू होतो आणि ट्रे फिरू लागतात.

बापूंच्या कॉकटेलांत दारूचा थेंब नसतो. पुण्याला आयटीत असलेल्या भाच्यानं एकदा समजूत घालायचा प्रयत्न केला. “मामा, १९३४ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर म्हणवणाऱ्या बारमालकानं ‘झॉम्बी’ नावाचं कॉकटेल काढलं. रम अशी की एका गिऱ्हाइकाला दोनच ग्लास द्यायचे, असा नियम होता.”

बापूंना रमचं काही वाटलं नाही, नियमाचं वाटलं. “दोनच? पावण्याला मोजून द्यायचं? कसला दळभद्री बार म्हणायचा ह्यो!”

दारू नको याला त्यांच्याकडं पुरावाही आहे, आणि तो थेट ट्रान्सिल्व्हेनियातला. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’त बेला लुगोसी पाहुण्याला वाइन देतो, स्वतः मात्र घेत नाही. “ड्रॅक्युलासुद्धा पीत न्हाई. तुमाला काय धाड भरलीय?” शिवाय कोल्हापूरकर लहानपणापासून कोल्ड्रिंक हाऊसमधलं कॉकटेल खात आलेला आहे. उंच ग्लासात दूध, आइस्क्रीम, फळांच्या फोडी, वर काजू-बेदाणे, आणि चमचा उभा राहील इतपत दाट. एवढं पोटात गेल्यावर वर आणखी काही घ्यायला माणसाकडं जागा नसते आणि ताकदही नसते.

ड्रॅक्युलाच्या दिवशी काचेच्या ग्लासातनं तांबडा रस्सा येतो. रंग रक्ताचा, वर तर्री, कडेला लिंबाची फोड. तत्त्वतः हा ग्लास बघून अंगावर काटा यायला हवा. प्रत्यक्षात पहिला घोट घेऊन लोक डोळे मिटतात आणि “काटा किर्रर्र!” म्हणतात. पडद्यावर एका पोरीच्या मानेत दात रुतत असताना मागच्या रांगेतनं आवाज येतो, “बापू, पीस बी हायत का नुसताच रस्सा?” पांढरी साडी नेसलेल्या बाईच्या पिच्चरला अर्थात पांढरा रस्सा. तिनं पडद्यावर केस मोकळे सोडले की इकडं वाटीला वाटी लागते.

‘वीराना’च्या (१९८८) वेळी बापूंनी कल्पकतेची कमाल केली. नटीचं नाव जास्मिन, पात्राचं नावही जास्मिन. म्हणून वाळ्याचं सरबत, त्यावर तरंगणारा मोगरा, आणि वातावरणासाठी ट्रेमध्ये उदाची धुपाटणी. धुरातनं ग्लास पुढं आला तेव्हा निम्म्या लोकांनी हात जोडले. एका आजोबांनी सरबत तीर्थ म्हणून तळव्यावर घेतलं, प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. हडळीचं एवढं पावित्र्य रामसेंनाही साधलं नव्हतं.

‘झपाटलेला’ (१९९३) पोरांसाठी. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. त्या बाहुल्यातल्या विंचूच्या नावानं ‘विंचू सोडा’: लिंबू सोड्याच्या ग्लासाच्या काठाला कांदा-लसूण चटणी. ओठाला ती झोंबली की पोरं किंचाळतात. बापूंच्या गच्चीवर भीतीची म्हणावी अशी किंकाळी तेवढीच.

‘लपाछपी’ला (२०१७) पेय शोधावं लागलं नाही. विशाल फुरियांच्या या पिच्चरमधली पूजा सावंत गरोदर असते आणि उसाच्या फडातल्या घरात अडकते. उसाचा रस, आलं, लिंबू. अडचण पेयाची नव्हती, प्रेक्षकांची होती. गच्चीवर करवीर, कागल, शिरोळ अशा तीन तालुक्यांतले ऊसवाले बसलेले. फडातनं ती जीव घेऊन पळू लागली आणि चर्चा सुरू झाली.

“ह्यो वाण शहाऐंशी-बत्तीस हाय का रं?”

“खोडवा वाटतोय. कांडी बारीक हाय.”

“पाणी न्हाई बसलेलं. एकरी तीसच्या वर जायाचा न्हाई.”

“आन् ही पळतीया कुनीकडं? सरीनं सरळ पळाली तर बांधावर निघंल की!”

फडात भुताची पोरं फिरत होती, पण एकरी टनेज आणि उसाच्या दराची एफआरपी यांच्यापुढं त्यांची डाळ शिजेना. ती शिजली पिच्चर संपता संपता. ही भुतं कुणाची, कशानं झाली, हे उलगडलं, पोटातल्या पोरी मारणाऱ्या घराची ती गोष्ट आहे हे कळलं, तेव्हा टनेज बंद पडलं. रसाची दुसरी फेरी कोणी उचलली नाही. बापूंनी त्या रात्री “घ्या की” असा आग्रह केला नाही, आणि आग्रह न केल्याचं त्यांच्या आयुष्यातलं हे एकमेव उदाहरण आहे.

पण बापूंचं खरं दुःख ‘तुंबाड’नं बाहेर काढलं. राही अनिल बर्वेंचा हा पिच्चर २०१८ ला आला तेव्हा थिएटरं भरली नाहीत. २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा मात्र पहिल्यापेक्षा जास्त गल्ला झाला. बापूंनी त्याला सातूच्या पिठाचं पेय केलं, गूळ घालून, दाटसर, आणि तळाशी सोनेरी कागदातलं नाण्याचं चॉकलेट. पिच्चरमधल्या हस्तरला सोनं मिळतं, पण धान्य मिळत नाही. हजारो वर्षं तो उपाशी आहे आणि पिठाच्या बाहुलीवर तुटून पडतो. लोक दबकून बघत होते. बापू मात्र हळहळत होते. “काय ही परवड! येवढी वर्षं झाली, पन एकानं त्याला ‘बस, जेव’ म्हटलं न्हाई.”

त्या वाक्यात बापूंचं सगळं भूतशास्त्र आहे. त्यांच्या लेखी भूत म्हणजे अवेळी आलेला उपाशी पाहुणा. ड्रॅक्युला माणसाला चावतो, कारण त्याला कोणी पान वाढलेलं नाही. सामरी चिडतो, कारण मुंडकं एकीकडं आणि धड दुसरीकडं, जेवणार कुठनं? विचार केला तर बापूंनी काही नवं काढलेलं नाही. तिकटीवर उतारा ठेवताना आपल्या आज्या तेच करत होत्या. कुठं दहीभात, कुठं लिंबू आणि अंडं, कुठं नारळ. कुठल्या बाधेला काय लागतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. भुताला साजेसं खाणं जोडायची पद्धत बारवाल्यांच्या आधीपासून इथं चालू आहे. बापूंनी फक्त ते ग्लासात ओतलं आणि भुताऐवजी पेठेला पाजलं.

म्हणून ज्याला घाबरायचं आहे त्यानं बापूंच्या गच्चीवर जाऊ नये. त्यानं नारायण धारपांचं पुस्तक घ्यावं, खोलीत एकट्यानं बसावं आणि मागं वळून बघू नये. भीतीला एकांत लागतो आणि पोट रिकामं लागतं. बापू या दोहोंचे जन्मजात वैरी आहेत. घाबरवण्याचा त्यांचा प्रत्येक प्रयत्न शेवटी पंगतीत संपतो.

या सगळ्यात एकच व्यक्ती खरोखर धास्तावलेली असते, ती म्हणजे वहिनी. बारा वाजता पिच्चर संपतो, माणसं ढेकर देत जिना उतरतात आणि तर्रीचे ओशट ग्लास मोरीत उभे राहतात. वहिनींनी यातला एकही पिच्चर धड बघितलेला नाही, सगळे स्वयंपाकघरातनं ऐकलेत. “किंचाळ्यांचं काय वाटत न्हाई हो,” त्या म्हणतात, “पन ह्ये वरनं ‘आनी धा ग्लास आन गं’ म्हणून वरडतात, तवा काळजात धस्स हुतं.”

तेव्हा तुमच्या पेठेतल्या सामरीबापूंचं बोलावणं आलं तर जरूर जा. दुपारी कमी जेवा, दुसऱ्या ग्लासाला नको म्हणू नका, आणि निघायच्या आधी मोरीत जाऊन निदान आपला ग्लास तरी विसळून ठेवा.