मी शे ना!

सुरतेतल्या नवागामच्या कुठल्याही सोसायटीत शिरा आणि ‘नाना कुठे राहतात?’ असं विचारा. समोरचा विचारेल, ‘कोणते?’ उधना-लिंबायत-डिंडोलीच्या या पट्ट्यात दर गल्लीला एक नाना असतोच. आडनाव पाटील, नाहीतर महाजन, नाहीतर चौधरी. गाव अमळनेर, पारोळा नाहीतर शिंदखेडा तालुक्यात. १९७२च्या दुष्काळानंतर जी खान्देशी पोरं लूमवर काम मिळेल म्हणून सुरतेच्या गाडीत बसली, त्यांतलेच हे. घरात अहिराणी, शेठशी गुजराती, ओडिशाच्या जोडीदाराशी हिंदी. आणि प्रमाण मराठी फक्त लग्नपत्रिकेत.

आमच्या गल्लीतले नाना आता नाहीत. पण त्यांच्या कला आहेत, म्हणजे त्या कलांनी केलेलं नुकसान आहे. त्यांनी दुरुस्त केलेलं एचएमटीचं घड्याळ आमच्याकडे अजून आहे. दिवसातून दोनदा ते अचूक वेळ दाखवतं. घड्याळ, मिक्सर, पेटी, सोयरीक, मूळव्याध, कशाचंही नाव काढा, नाना म्हणणार, ‘‘काळजी नको करू भो, मी शे ना!’’ आणि मग खरी काळजी सुरू व्हायची.

सोयरिकींची त्यांची एक जाडजूड डायरी होती. मुलाची उंची, शिक्षण, पगार, आणि शेवटी एक रकाना खास नवागामचा: ‘घर खाडीपासून लांब’. पावसाळ्यात इथली खाडी कुठवर येते हे ज्याने पाहिलंय, त्याला या रकान्याची किंमत कळेल. अडचण एकच होती. लूमच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाला हळू बोलताच येत नाही. ‘ही गोष्ट आपल्या दोघांत’ असं त्यांनी म्हटलं की तिसऱ्या गल्लीतला चहावाला मान डोलवायचा.

भरताच्या बाबतीत मात्र नाना कुणाचं ऐकत नसत. ‘‘गॅसवर भुंजेल वांगाले काय चव!’’ वांगं बामणोदचं आणि ते भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या, ही किमान अट. आता कापडाच्या या शहरात काय वाट्टेल ते मिळेल, पण कपाशीची काडी कुठून मिळणार? इथलं बहुतेक कापड पॉलिस्टरचं, आणि पॉलिस्टरला झाड नसतं. मग नाना गावाहून येताना वांग्यांच्या पोत्यासोबत काड्यांचा भारा पॅसेंजरमध्ये चढवायचे. डब्यातल्या लोकांना त्या काड्या उधन्यापर्यंत टोचायच्या, पण भरताचं आमंत्रणही सगळ्या डब्याला असायचं. थंडीत गच्चीवर काड्या पेटल्या, लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणासकट वांगी ठेचली जाऊ लागली, की नाना दर दोन मिनिटांनी चव बघायचे. पंगत बसेपर्यंत त्यांचं जेवण झालेलं असे. बाकी काही असो, ते भरीत मात्र निर्विवाद उत्तम असायचं. वाढणाऱ्या काकू त्याचं श्रेय काड्यांना देत.

गाडीत नवापूर आलं की नानांतला गाइड जागा व्हायचा. हे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटावरचं एक बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं. नाना बरोबर मधोमध बसून म्हणायचे, ‘‘डावं अंग कमावतं, उजवं अंग गावाले पैसे धाडतं.’’ गुजरातेत दारूबंदी असल्याने या सीमेचे इतर उपयोगही लोकांना ठाऊक होते, पण नाना माळकरी. त्यांची एकच धास्ती, आपण बोलण्यात रंगलो की गाडी सुटायची. ती एकदा सुटलीच. काड्या सुरतेला पोचल्या, नाना दुसऱ्या दिवशी.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची. नारळाच्या देवीला नथ घालण्यापासून रोटाचे गहू मोजण्यापर्यंत नाना सगळीकडे. घरातल्या पुरुषांगणिक गहू घ्यायचे, तर नाना गावाकडच्या तान्ह्या पुतण्यांनाही मोजायचे. पुढे तो रोट संपवता संपवता भाऊबंदांचे जबडे दुखायचे.

कुणाकडे मयत झाली की बांबू, सुतळी, मडकं आणायला नाना. ते स्वतः गेले तेव्हा चार जणांनी चार मडकी आणली, आणि सुतळी कुणीच नाही.

मी शाळेत असताना कधीकधी त्यांचा डबा घेऊन लूमच्या खात्यावर जायचो. बारा तासांची पाळी, मीटरवर पगार, नानांच्या भोवती खडखडणारे लूम. मधेच एक थांबला. नाना डब्याकडे बघतच तिकडे वळले. ताण्याच्या हजारो तारांत तुटलेली एक तार बोटांनी हुडकली, टोक ओलं केलं, गाठ मारली. गाठ दिसली नाही, फक्त बोटं हललेली दिसली. लूम सुरू. तेवढ्यात दुसऱ्या लूमच्या आवाजात त्यांना काहीतरी वेगळं ऐकू आलं. मला तर सगळा एकच गोंगाट. ते गेले आणि कांडी संपायच्या आत बदलून आले. घामेजलेल्या चेहऱ्यावर कसलाही अभिमान नव्हता.

मी ओरडून म्हणालो, ‘‘नाना, ही तर खरी कला!’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा अपमानच केला. ‘‘हाई काम शे, भो. कला पाहानी व्हई ते सांजले मंदिरमा ये.’’

संध्याकाळी गेलो. पेटीचा एक सूर अडकत होता. बुवा म्हणाले, तो सोडून वाजवू. नाना म्हणाले, ‘‘मी शे ना!’’ आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्या रात्री भजन टाळ-मृदंगावरच झालं.