वांगं निर्दोष आहे

लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात लेकराच्या ढुंगणाला लाल चट्टे उठले की पहिला संशय वांग्यावर जातो. बाळंतिणीनं वांगं खाल्लं असणार, ते दुधातून उतरलं असणार आणि उतरता उतरता नेमकं लंगोटाच्या आत जाऊन थांबलं असणार. वांगं सुटलं तर दात येतायत. दातांचा पत्ता नसेल तर कुणाची तरी दृष्ट. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या तरी चट्टे जागचे हलत नाहीत, तेव्हा पाळी येते उन्हाळ्याची. आणि भर श्रावणात उन्हाळ्यावर ढकलायची सोय नसते म्हणून 'अंगात उष्णता आहे' असा निकाल लागतो. या सगळ्या तपासात ज्या एका वस्तूची जबानी कुणी घेत नाही, ती लेकराच्या कमरेलाच बांधलेली असते आणि बहुतेक वेळा ओली असते. माझं म्हणणं एवढंच, की चट्टे उठणार की नाही हे कातडी किती वेळ ओली राहिली यावर ठरतं. लंगोट आजीच्या लुगड्याचं आहे की दुकानातून आणलेलं, हा नंतरचा प्रश्न. आईच्या ताटात काय होतं, हा तर प्रश्नच नाही.

मोठमोठ्या डॉक्टरांनीसुद्धा आधी चुकीच्याच माणसाला धरलं होतं, त्यामुळे रेणापूरच्या आज्यांनी वाईट वाटून घेऊ नये. अमेरिकेत कुक नावाच्या डॉक्टरांनी १९२१ मध्ये दाखवलं, की शीतले जिवाणू लघवीपासून अमोनिया तयार करतात. सकाळी रात्रीचं लंगोट सोडताना डोळ्यांत पाणी आणणारा तो वास. झालं, पुढची पन्नासेक वर्षं अमोनियाच गुन्हेगार ठरला. मग १९७७ मध्ये चट्टे असलेली आणि नसलेली लेकरं शेजारी शेजारी ठेवून अमोनिया मोजला गेला, तर दोघांकडे तो सारखाच. खरी भानगड उघडी पडली १९८६ च्या सुमाराला. लघवी आणि शी एकत्र साचली की अमोनियामुळे कातडीवरची नैसर्गिक आम्लता जाते. आम्लता गेली की शीमधली पाचक द्रव्यं जागी होतात. पोटात प्रथिनं आणि चरबी पचवायची तीच ही द्रव्यं. पोटाबाहेर आली तरी आपलं काम विसरत नाहीत आणि समोर दिसेल ते, म्हणजे लेकराची कातडी, पचवायला घेतात. त्यात ओलसरपणानं कातडी आधीच भिजून मऊ पडलेली आणि वरून कापडाचं घासणं. चौघांनी मिळून केलेलं काम आहे हे, पण चौघांना एकत्र यायला लागतो तो वेळ. लंगोट लवकर सोडलं तर मैफल जमतच नाही.

आता कुणी म्हणेल, की दात येताना चट्टे उठतात हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलं असणारच, कारण हा त्रास नऊ ते बारा महिन्यांच्या लेकरांत सगळ्यात जास्त आढळतो आणि दातांचा हंगामही तोच. पण त्याच हंगामात लेकराच्या तोंडात पहिल्यांदा वरणभात जातो, नाचणीचं सत्त्व जातं, पाहुण्यांनी कौतुकानं भरवलेलं बिस्कीट जातं आणि शीचा सगळा स्वभावच बदलतो. नुसत्या आईच्या दुधावरच्या लेकराची शी त्या मानानं सौम्य असते, म्हणून त्याला चट्टेही कमी. दात बिचारे त्याच तारखेला गावात आले होते, एवढाच त्यांचा अपराध.

यापेक्षा वजनदार आक्षेप म्हणजे 'आमच्या सात पिढ्या सुती कापडात वाढल्या, कुणाला काही झालं नाही.' झालं नाही की लिहून ठेवलं नाही? कुकसाहेबांनी तपासलेली लेकरं काही डायपरमधली नव्हती. वापरून फेकायची डायपरं घराघरांत पोचायला लागली ती १९६१ नंतर, तीही परदेशात. त्याआधीचं चट्ट्यांवरचं सगळं वैद्यकशास्त्र सुती कापडातल्याच ढुंगणांवर उभं आहे. म्हणजे सूत लावलं की लेकरू वाचलं, असं नाही. तरीही आजीच्या म्हणण्यात दम आहे. फक्त श्रेय ती भलत्याला देते. जुन्या घरातलं लेकरू दिवसाचा बराच वेळ लंगोटात नसायचंच. अंगात झबलं, कमरेला करदोटा, खाली दुपटं आणि दुपट्याच्या आत घडी घातलेलं बाळुतं. लेकरू मुतलं की बाळुतं ओढून दुसरं सरकवलं, विषय संपला. लंगोट बांधायचं ते बाहेर निघताना, नाहीतर लेकरू पाहुण्याच्या धोतरावर द्यायचं असेल तेव्हा. सात पिढ्यांना वाचवलं ते वाऱ्यानं, आणि वारं फुकट असल्यामुळे त्याची जाहिरात कधी झाली नाही.

सुती लंगोटाचा खरा कस मात्र धुण्याच्या दगडावर लागतो, आणि इथे मराठवाड्याची गोष्ट निराळी आहे. एक रीत घरोघर पाळली जाते आणि कुणी कबूल करत नाही: शीचं लंगोट धुवायचं, पण नुसतं मुतलेलं असेल तर दोरीवर टाकून वाळवायचं आणि पुन्हा बांधायचं. वाळलं म्हणजे स्वच्छ झालं, असा हिशेब. वाळतं ते पाणी; लघवीतला बाकीचा ऐवज कापडात मुक्कामाला राहतो आणि पुढच्या वेळी पहिला थेंब पडला की कामाला लागतो. दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरचं पाणी जड आहे की नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ शिजत घालावी. ज्या पाण्यात तूर तास तास टणक राहते, त्या पाण्यात लंगोटही नीट निघत नाही, कारण दोन्हीकडे कारभार एकाच कॅल्शियमचा. डाळीत तो दाण्याच्या भिंती आवळून धरतो. लंगोटात तो साबणाशी जमवून न विरघळणारा चिकट साका तयार करतो. फेस येत नाही म्हणून बाई आणखी साबण घासते, साका आणखी वाढतो, आणि पाणी कमी म्हणून एकदाच हिसळून दोरीवर. दुपारच्या उन्हात ते लंगोट असं कडक होतं, की दोरीवरून काढलं तरी घडी मोडत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. वाळलेल्या लंगोटावर चार थेंब पाणी सोडावं. थेंब लगेच आत गेले तर कापड धुतलेलं आहे. वरच गोळी होऊन बसले किंवा घरंगळले, तर ते कापड लेकराची लघवी शोषणार नाही, कातडीशीच धरून ठेवणार. कपडे मऊ करायचं सुगंधी औषध शेवटच्या पाण्यात घालणाऱ्यांनी तर ही परीक्षा जरूर घ्यावी. तेही धाग्यावर असाच थर चढवतं. उपाय साधे आहेत. साबण कमी, धुण्याचा सोडा थोडा, शक्य तेव्हा गरम पाणी, आणि निदान दोनदा भरपूर हिसळणं. सोडा कापडात राहिला तर तोही कातडीची आम्लता घालवतो, म्हणून हिसळण्यात मुळीच कंजुषी नको. ऊन आपल्याकडे वर्षाचे आठ महिने मोफत आहे. वाळलं की लंगोट हातानं चुरगाळून मऊ करावं आणि मग बांधावं.

'भरपूर हिसळा' हे लातूर जिल्ह्यात म्हणायला छाती लागते, याची मला कल्पना आहे. रेणापुराहून वीसेक किलोमीटरवरच्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून पाच लाख लीटर पाणी आलं. एका लंगोटाला तीन लीटर धरले, तर त्या गाडीत दीड लाखाहून जास्त लंगोटं निघाली असती; हा हिशेब माझा, रेल्वेचा नाही, आणि त्या दिवशी स्टेशनवर कुणी बोलून दाखवला असता तर गाडीच्या स्वागताला आलेल्या गर्दीनं काय केलं असतं सांगता येत नाही. तान्हं लेकरू दिवसातून वीसेक वेळा मुततं. तेव्हा पाण्याचा आक्षेप खरा आहे, त्याला शब्दांनी उडवून लावता येणार नाही. पण तो आक्षेप लंगोट धुण्यावर आहे, लेकरू कोरडं ठेवण्यावर नाही. लंगोट जितकं कमी बांधाल तितकं धुणं कमी. शी आधी संडासात झटकून टाकावी, दिवसभराची बाळुती कोरड्याच बादलीत साठवावी आणि एकदमच धुवावी. शेवटचं हिसळलेलं पाणी बरंच स्वच्छ असतं; ते दुसऱ्या दिवशी पहिल्या भिजवणीला चालतं. पहिलं पाणी मात्र संडासातच गेलं पाहिजे, परसातल्या कोथिंबिरीवर नाही. टंचाईच्या दिवसांत रात्रीपुरतं विकतचं डायपर वापरलं म्हणून कुणाची संस्कृती बुडत नाही.

डायपरवाले इथे लगेच मान वर करतील, की मग आम्ही काय वेगळं सांगत होतो? त्यांच्याही बाजूला पुरावा आहे. आत ओल धरून ठेवणारी भुकटी घातलेली डायपरं कातडी जास्त कोरडी ठेवतात, असं १९८० च्या दशकातल्या तपासण्यांत दिसलं. पण २००६ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी असले सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा डायपरनं चट्टे टळतात किंवा टळत नाहीत, असं ठामपणे म्हणण्याइतका चांगला पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यात प्रयोगशाळेतलं डायपर आणि आपल्याकडचं डायपर यांत एक फरक असतो, तो म्हणजे किंमत. लंगोट ओलं झालं की लेकरू रडतं आणि आई उठते. डायपर ओलं झालं तरी लेकरू हसत असतं, म्हणून आई हसत असते, आणि 'अजून बसतंय की, पैसे वसूल होऊ दे' म्हणत ते लग्नघरात सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत चालवलं जातं. गुडघ्यापर्यंत लोंबायला लागल्यावर कुणीतरी काढतं. शी झालेली असेल तर भुकटीचा काही उपयोग नसतो, ती लघवी पिते. वस्तू चांगली आहे. तिला आपल्या काटकसरीची सवय नाही.

चट्टे उठलेच तर काय करावं, यात घोटाळा सुरू होतो तो पावडरीपासून. शंखजिरं असो नाहीतर बहुतेक सुवासिक डब्यांतली पावडर, दोन्ही एकाच मऊ दगडाची भुकटी. ओलाव्यात तिचे खडे होतात आणि जांघेत काचतात, आणि उडालेली लेकराच्या छातीत जाते ती वेगळीच. ती ठेवून द्यावी. कोमट पाण्यानं धुवावं, घासून न पुसता टिपून घ्यावं, दर वेळी साबण लावू नये, आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर द्यावा. जाड म्हणजे खालची कातडी दिसता कामा नये असा. दर वेळी तो खरवडूनही काढू नये. वरचा मळलेला भाग तेवढा पुसावा आणि त्यावर पुन्हा लावावा. मलम कापडाला लागलं की कापड शोषायचं थांबतं, म्हणून लंगोटाच्या आत जुन्या मलमलीचा तुकडा ठेवावा. मग थोडं निरखून पाहावं. फुगीर भाग लाल आणि घड्यांच्या आत कातडी ठीक असेल, तर हे ओलीचंच काम, दोन-तीन दिवसांत उतरतं. घड्यांच्या आतच लालभडक झालं असेल आणि मोठ्या चट्ट्याभोवती, रेणापूरभोवती वाड्या-तांडे असावेत तसे, सुटे सुटे ठिपके असतील, तर बुरशी आली समजावं. तिला वेगळं औषध लागतं आणि ते डॉक्टरांनी द्यावं. पू दिसला, फोड आले, ताप भरला, तर तीन दिवससुद्धा थांबू नये. आणि मेडिकलच्या काउंटरवर 'लेकराला लाल झालंय' एवढं सांगून मिळणारं तीन औषधं एकत्र कोंबलेलं मलम घेऊ नये. त्यातलं एक बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणूनच ते गावात लोकप्रिय आहे. पण वरून बांधलेल्या लंगोटाखाली ते जास्तच मुरतं, कातडी पातळ करतं, आणि आत बुरशी असेल तर तिचं फावतं. असली बरीच मलमं २०१८ पासून कायद्यानं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत; कायदा काउंटरच्या कोणत्या बाजूला उभा असतो, ते आपल्याला माहीतच आहे.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसाचा असतो: उघडं ठेवलं तर लेकरू गादीवर, सतरंजीवर, देवाला निघालेल्या माणसाच्या नव्या लुगड्यावर मुतेल, त्याचं काय? मुतेल. रोज दिवसाउजेडी तासभर तरी त्याला मुतू द्यावं. दूध प्यायल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर थोड्याच वेळात लेकरू मोकळं होतं, हे कुठल्याही आजीला घड्याळ न बघता कळतं. तेवढ्या वेळापुरतं नवं लुगडं दूर ठेवावं आणि मांडीवर जुनं बाळुतं घ्यावं. मेणकापड वापरायचंच असेल तर ते गादीवर अंथरावं, वर दुहेरी सुती कापड घालावं. ते लंगोटावरून चड्डीसारखं गुंडाळलं तर गादी वाचते आणि चट्टे उठतात, आणि मग दुपारच्या भाजीत कुणी काय घातलं होतं याची चौकशी सुरू होते.